दस्त्यावरचं पुसलेलं ७.६२: एका बदललेल्या माउझर रायफलीची ओळख पटवताना

दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘जर्मन के९८के, माउझर ओबर्नडॉर्फ, १९४४, ८ मिमी, अस्सल.’ के९८के म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सैन्याची नेहमीची रायफल. खाली किंमत. अस्सल, मूळ अवस्थेतल्या युद्धकालीन रायफलीला जेवढी मागतात तेवढीच, अगदी पुरेपूर.

माझ्या ओळखीतला एक मराठी मुलगा ती घ्यायच्या बेतात होता. पेनसिल्व्हेनियात येऊन त्याला चार वर्षं झाली होती, लष्करी इतिहासाची आवड लहानपणापासून, आणि ही त्याची पहिलीच जुनी रायफल. दुकानातूनच त्याचा फोन आला. “ताई, एक विचित्र होतंय. मी ८ मिमीचं डमी काडतूस सोबत आणलंय, ते आत जातंय, पण बोल्टच बंद होत नाही. दुकानदार म्हणतो, जुनी आहे, चेंबरात घाण असेल.”

मी त्याला म्हटलं, “जोर लावू नकोस. पैसेही देऊ नकोस. मी येते.”

मी पिंपरीच्या एका कारखान्यात अकरा वर्षं इन्स्पेक्शनला होते. गेज रूममध्ये एक सवय लागते ती कायमची: कागद काय सांगतो ते बाजूला ठेवायचं आणि माप काय सांगतं ते ऐकायचं. जुन्या बंदुकांचा नाद मला इथे आल्यावर लागला, पण पद्धत तिथलीच आहे. म्हणून निघताना पिशवीत तीन गोष्टी टाकल्या: पिन गेजची (भोकाचं माप घ्यायच्या नेमक्या जाडीच्या सळयांची) पेटी, नाइफ-एज पट्टी (पृष्ठभाग सरळ आहे का ते पाहायची धारदार कडेची पट्टी) आणि चांगला टॉर्च.

बोल्ट बंद का होत नाही, याचा अंदाज मला रस्त्यातच आला होता. जर्मन सैन्याचं काडतूस ७.९२ बाय ५७ (यालाच सरसकट ८ मिमी म्हणतात), म्हणजे पितळी केसची लांबी ५७ मिलिमीटर. चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, त्याहून आखूड असेल तर केस पुढे टेकते आणि बोल्टचा, म्हणजे ती जागा मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाचा, दांडा खाली येत नाही. घाणीने असं होत नाही. घाण असेल तर दांडा जड जातो, चरचरतो. इथे तो एकाच जागी ठाम अडत होता. म्हणजे चेंबर दुसऱ्याच काडतुसाचं.

दुकानात पोचल्यावर आधी नळीच्या तोंडाला पिन लावली. ७.९२च्या नळीत आतल्या पिळदार खाचांच्या मधल्या, दोन समोरासमोरच्या उंचवट्यांमधलं अंतर साधारण ७.९० मिमी असतं. ७.७५ची पिन तिथे सहज आत जायला हवी. ती तोंडावरच अडली. ७.६०ची लावली, ती अलगद सरकली. नळी झिजली तर भोक मोठं होतं, लहान कधीच होत नाही. तेवढ्यावर एक गोष्ट पक्की झाली: ही नळी ८ मिमीची नव्हती, ७.६२ची होती.

दुकानदार भला माणूस होता. त्याने हे मुद्दाम केलेलं नव्हतं, एका घराच्या संग्रहाबरोबर ती त्याच्याकडे आली होती आणि चिठ्ठी त्याने आधीच्या चिठ्ठीवरून उतरवली होती. त्यानेच पुढे होऊन दोन स्क्रू आणि दोन कड्या काढून रायफल लाकडातून वेगळी करून दिली. पुढचा तासभर आम्ही तिघं त्या काउंटरवर वाकून होतो.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, की जर्मन सैन्याच्या रायफली बदलून घेणारे देश बरेच होते. १९३५ साली स्वीकारलेल्या के९८के या कार्बाइनचं, म्हणजे आखूड रायफलीचं, उत्पादन एक कोटी चाळीस लाखांच्या वर गेलं, आणि युद्ध संपलं तेव्हा त्या युरोपभर पडून होत्या. नॉर्वेत जर्मन फौजा शरण आल्या तेव्हा त्यांची हत्यारं तिथेच राहिली. नॉर्वेने त्यांतल्या हजारो रायफली अमेरिकन .३०-०६ काडतुसासाठी बदलल्या आणि त्यांवर सैन्य, हवाई दल, नौदल यांची वेगवेगळी अक्षरं उमटवली. युगोस्लाव्हियाने काडतूस तेच ठेवलं, पण जर्मन खुणा घासून आपलं राजचिन्ह ठोकलं. इस्राएलने मात्र काडतूसच बदललं: १९५४ साली नाटोने ७.६२ बाय ५१ स्वीकारलं, इस्राएलने त्याच काडतुसाची एफएन एफएएल ही बेल्जियन रायफल घेतली, आणि मग राखीव दलांकडच्या जुन्या माउझरना नव्या नळ्या बसवून त्याही ७.६२च्या केल्या. सगळ्या सैन्याला एकच गोळी पुरवायची, हा त्यामागचा साधा हिशेब. आपल्याकडेही त्याच सुमाराला हाच विचार झाला. १९६२च्या युद्धानंतर इशापूरच्या कारखान्यात ली-एनफील्ड या ब्रिटिश रायफलीचा जुना साचा घेऊन ७.६२ची २ए आणि पुढे २ए१ रायफल बनवली गेली. फरक इतकाच, की इशापूरची नवी बनवलेली होती आणि इस्राएलची जुनीवर काम करून बदललेली.

तेव्हा ७.६२ची नळी दिसली की पहिला संशय इस्राएलचा. पण तिथे बदललेली रायफल लपून राहत नाही. रिसिव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्याच्या, पुढच्या कड्यावर, नळी जिथे बसते त्या जाड भागावर, ‘७.६२’ ठसठशीत ठोकलेलं असतं. दस्त्याच्या मागच्या भागावर तोच आकडा तापलेल्या लोखंडाने जाळून उमटवलेला असतो, हाताच्या बोटाएवढा मोठा. आमच्या समोरच्या रायफलीवर यातलं काहीच नव्हतं. कड्यावर होतं ते ‘बी-वाय-एफ’, खाली ‘४४’. हा ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याचा युद्धकालीन संकेत. दस्ता गुळगुळीत, उजव्या बाजूला छोटासा गरुड.

मुलगा म्हणाला, “मग ओबर्नडॉर्फचीच असेल ना? नंतर कोणीतरी नुसती नळी बदलली असेल.”

असू शकतं. म्हणून पट्टी काढली. नाइफ-एज कड्यावर लांबीच्या दिशेने टेकवली आणि मागून टॉर्च धरला. कडं हा सरळ सिलिंडर आहे. पट्टीखालून उजेड दिसायला नको. दोन्ही टोकांना पट्टी टेकली होती आणि मधे, बरोबर अक्षरांच्या जागी, उजेडाची बारीक चंद्रकोर दिसत होती. कोणीतरी तिथून धातू काढला होता. पट्टी थोडी बाजूला, कड्याच्या उतारावर सरकवली, की उजेड बंद. मी मुलाच्या हातात पट्टी दिली आणि त्याला स्वतःला बघू दिलं. हे सांगून समजत नाही, एकदा डोळ्यांनी दिसावं लागतं.

मग अक्षरं. कारखान्यात ठसा ठोकतात तेव्हा धातू कापला जात नाही, दाबला जातो, आणि दाबलेला धातू कुठेतरी जायलाच हवा. तो अक्षराच्या कडेला बारीकसा वर येतो. भिंगातून पाहिलं तर कडा किंचित फुगलेली दिसते. पुढे कोणी तिथे पॉलिश केलं तर तो फुगवटा आधी जातो. आमच्या ‘बी-वाय-एफ’ला फुगवटा नव्हता. पॉलिशमुळे गेला म्हणावं तर अक्षरांच्या तळाशी सारख्या अंतरावर बारीक समांतर रेघा होत्या, फिरणाऱ्या हत्याराने कोरल्यावर राहतात तशा. ठोकलेल्या अक्षराच्या तळाशी रेघा येत नाहीत. अक्षरं कोरलेली होती, आणि ती खड्डा पडल्यानंतर कोरलेली होती, कारण खड्ड्याच्या तळापासून त्यांची खोली सारखी होती.

म्हणजे आधीचं काही तरी घासून काढलं, आणि त्या जागी नवं नाव लिहिलं.

पण असं करणारा माणूस जिथे गिऱ्हाईकाची नजर जाते तिथेच हात चालवतो. कड्याच्या उजव्या बाजूला तपासनिसांचे छोटे गरुड असतात, प्रत्येकाखाली एक आकडा. जर्मन शस्त्र खात्याच्या, म्हणजे वाफेनआम्टच्या, निरीक्षक पथकांचे हे आकडे. ते इतके बारीक आणि झिजलेले होते की त्यांच्याकडे त्याने लक्षच दिलं नव्हतं. टॉर्च जवळजवळ आडवा धरून, प्रकाश पृष्ठभागावरून घसरवत पाहिलं तेव्हा आकडा लागला: ६३.

माझ्या दृष्टीने सगळ्या तपासाचा गाभा इथे आहे. १९४४ साली ओबर्नडॉर्फच्या कारखान्यात निरीक्षकांचा आकडा १३५ होता. ६३ हा आकडा तिथेही कधीकाळी होता, पण तो युद्धाच्या आधीच्या वर्षांत, आणि तेव्हा कड्यावर ‘बी-वाय-एफ’ हा संकेतच नव्हता. युद्धाच्या उत्तरार्धात ६३ दिसतो तो ब्रनोमध्ये, चेकोस्लोव्हाकियातल्या ताब्यात घेतलेल्या झ्ब्रोयोव्का कारखान्यात. तिथल्या रायफलींचा संकेत होता ‘डी-ओ-टी’. म्हणजे खोटं नाव लिहिणाऱ्याने देशच बदलला होता. रायफल ओबर्नडॉर्फची नव्हती, ब्रनोची होती. ओबर्नडॉर्फ हे माउझरचं माहेर, नाव ऐकून गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं, एवढ्यासाठीच ते तिथे कोरलं गेलं असावं.

आणि ब्रनो म्हटल्यावर बाकीची साखळी आपोआप जुळायला लागली.

१४ जानेवारी १९४८ रोजी चेकोस्लोव्हाकियाबरोबर झालेल्या पहिल्या करारात ज्यू नेतृत्वाने ४,५०० रायफली आणि २०० एमजी ३४ मशीनगन विकत घेतल्या. पॅलेस्टाइनवर तेव्हा ब्रिटिश अंमल होता, शस्त्रं उघडपणे आणणं शक्यच नव्हतं. मार्चची ३१ तारीख उलटता उलटता, रात्रीच्या अंधारात, एक भाड्याचं विमान बेत दरास इथल्या सोडून दिलेल्या धावपट्टीवर उतरलं, त्यात २०० रायफली होत्या. पाठोपाठ एप्रिलच्या सुरुवातीला ‘नोरा’ नावाचं जहाज तेल अवीवला लागलं. त्यात त्या साडेचार हजार रायफली होत्या, वर कांद्यांचा थर. ब्रिटिशांच्या झडतीत सडत आलेल्या कांद्यांच्या ढिगात हात घालायची इच्छा कोणाला झाली नसावी. ऑक्टोबरपर्यंत चेकोस्लोव्हाकियाकडून आलेल्या रायफलींची संख्या ३४,५०० वर गेली. यांतल्या कित्येक जर्मन ताब्यातल्या कारखान्यांत नाझी सैन्यासाठी बनल्या होत्या. छळछावण्यांतून जिवंत सुटून आलेल्या माणसांच्या हातात त्याच रायफली आल्या, गरुडाच्या छापासकट. काहींवर तो छाप नंतर ठोकून बुजवला, काहींवर वर तारा ठोकला, काहींवर तसाच राहू दिला. आमच्या समोरच्या रायफलीवर तो तसाच राहिला होता, आणि त्यानेच खोटेपणा उघडा पाडला.

पुरावा मात्र अजून हवा होता. ब्रनोची रायफल आणि ७.६२ची नळी, एवढ्यावरून इस्राएल म्हणणं हा अंदाज. लाकडातून काढलेली नळी मी उलटी केली. रिसिव्हरजवळ, खालच्या अंगाला, जिथे ती कायम दस्त्यात झाकलेली राहते, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा ठसा होता: सहा टोकांचा तारा, आत हिब्रू ‘त्सादी’ अक्षर. इस्राएलच्या सैन्याचा स्वीकृतीचा शिक्का. हा ठोकलेला होता, कडेला फुगवटा स्पष्ट. मुलाने तो आपल्या भिंगातून बराच वेळ पाहिला आणि काहीच बोलला नाही.

नळीच्या पुढच्या टोकाला, खालच्या बाजूला, अंगठ्याच्या रुंदीचा एक पट्टा जास्त चकचकीत होता. १९६८च्या कायद्यानंतर अमेरिकेत येणाऱ्या बंदुकीवर आयातदाराचं नाव आणि काडतुसाचं माप असावं लागतं, आणि ते बहुधा इथेच असतं. इथे ते नव्हतं. मी दुकानदाराला एवढंच दाखवलं, त्याने मान हलवली. अनुक्रमांक मात्र डाव्या बाजूला शाबूत होता, त्याला कोणी हात लावलेला नव्हता. सुट्या भागांवरचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. ‘मूळ अवस्थेतली जर्मन’ म्हणून विकायला हे वाईट, पण इस्राएलच्या कार्यशाळेतून आलेल्या रायफलीत हे नेहमीचंच. तिथे भाग एकत्र सोडवायचे आणि जो चांगला तो बसवायचा.

शेवटी लाकूड. दस्ता लॅमिनेटेड होता, म्हणजे पातळ पदर एकमेकांवर चिकटवून केलेला. युद्धकाळातल्या कित्येक रायफलींचा असतो तसाच. अशा दस्त्याला सॅंडपेपर मारला की पदरांच्या रेघांची वळणं बदलतात, नकाशावर उंचीच्या रेषा बदलाव्यात तशी. मागच्या भागाच्या उजव्या बाजूला या रेषा एका जागी मोठ्या बशीसारख्या फाकल्या होत्या. तिथेच तो छोटा गरुड. भिंगातून पाहिलं तर गरुडाच्या रेघांत लाकडाचे तंतू कापलेले होते, चेपलेले नव्हते, आणि आत ऐंशी वर्षांचा मळ नव्हता.

दुकानदाराने कापडावर थोडं मिनरल स्पिरिट घेऊन तो भाग ओलसर केला. कोरड्या लाकडात जे दिसत नाही ते ओल्यात दिसतं. जाळलेला ठसा खोलवर जातो. वरचं लाकूड घासून काढलं तरी खालच्या तंतूंत करपलेपणाची छटा राहते. हळूहळू, एखादा जुना डाग वर यावा तसा, एक गोल उमटला, त्याच्या डोक्यावर वळलेली शेपटी. सहा. त्याच्या डावीकडे अर्धा तिरपा दांडा, उजवीकडे पायाची आडवी रेघ. स्पिरिट उडेपर्यंत, मिनिटभर, तिथे ७.६२ होतं. मग लाकूड वाळलं आणि आकडा परत गेला.

तर निदान असं: ब्रनोमध्ये जर्मन अंमलाखाली बनलेली रायफल, चेकोस्लोव्हाकियामार्फत इस्राएलला गेलेली, तिथे ७.६२ नाटोसाठी नवी नळी बसवलेली, पुढे अमेरिकेत आलेली. आणि इथे कोणीतरी तिच्या अंगावरची ही सगळी वाटचाल घासून तिला ओबर्नडॉर्फची, १९४४ची, ‘कधीही न बदललेली’ रायफल बनवण्याचा प्रयत्न केलेला.

मला या प्रकाराचा मनापासून राग येतो, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. जुन्या बंदुका जमवणाऱ्यांत एक समज खोल रुजलेला आहे, की कारखान्यातून निघाली तशी रायफल म्हणजे खरी, आणि नंतर बदललेली म्हणजे बाटलेली. त्या समजापायी लोक बदललेल्या रायफलींना ‘पूर्वपदावर आणतात’. इस्राएलचा, नॉर्वेचा शिक्का घासतात, बाजारात मिळणारे नवे गरुड ठोकतात. मूळ अवस्थेतल्या जर्मन रायफली अजून पुष्कळ सापडतात. पण १९४८च्या वसंतात कांद्यांखालून आलेल्या खेपांतली, पुढे ७.६२ झालेली आणि सगळे ठसे शाबूत असलेली रायफल दर वर्षी एकेक करून कमी होते आहे, आणि ती कमी करणारे तिच्यावर प्रेम असल्याचं सांगणारेच लोक आहेत.

मुलाचा पुढचा प्रश्न व्यवहाराचा होता. घ्यावी का, आणि घेतली तर चालवावी का?

चालवण्याचं उत्तर मी लगेच दिलं: नाही. कड्याच्या आतच बोल्टचे दोन्ही मुख्य लग (बोल्टला जागेवर धरणारे उंचवटे) अडकतात, स्फोटाचा सगळा भार तिथे येतो. या रिसिव्हरच्या पोलादाला वरून एक पातळ कडक थर दिलेला असतो. कोणी अंदाजाने घासून तो किती काढला, नंतर काही तापवलं का, हे बाहेरून कळणार नाही. त्यात .३०८ विंचेस्टरचा कमाल दाब ४,१५० बार धरलेला आहे, जुन्या ८ मिमीचा ३,९००. लष्करी ७.६२ आणि दुकानात मिळणारं .३०८ बाहेरून सारखंच दिसतं, एकाच चेंबरात बसतं, आणि गिऱ्हाईक स्वस्त मिळेल ते घेतं. शाबूत इस्राएली रायफल असती तर मी म्हटलं असतं की आधी चांगल्या गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यात काडतुसाला राहणारी जागा, मोजून घे, मग बघू. हिच्या बाबतीत तेही नाही. भिंतीवर ठेव.

उलटी चूकही धोक्याची असते, तेही सांगून ठेवते. इथे लांब काडतूस आखूड चेंबरात जात नव्हतं म्हणून बोल्टनेच थांबवलं. न बदललेल्या ८ मिमीच्या चेंबरात ७.६२चं काडतूस टाकलं तर ते त्या चेंबरासाठी बनलेलंच नसतं, आणि जोर लावून बोल्ट बंद करून झाडलं तर केस फाटू शकते. दस्त्यावर जाळून उमटवलेला मोठा आकडा शोभेचा नव्हता. एकाच कोठारात दोन्ही प्रकारच्या, बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या रायफली ठेवलेल्या असताना तो सैनिकाचा डोळा वाचवत होता. तो घासून चिठ्ठीवर ‘८ मिमी’ लिहिणं म्हणजे नुसती फसवणूक नाही.

(महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: ७.६२ बाय ५१ भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. हा नाद तिथे संग्रहालयातल्या काचेपलीकडून आणि पुस्तकांतूनच पुरवावा.)

घेण्याबद्दल मी त्याला काही सांगितलं नाही. त्याने दुकानदाराशी बोलून, आम्ही पाहिलेलं सगळं चिठ्ठीवर लिहायला लावून, मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोड्या जास्त पैशांत ती घेतली. नंतर मला विचारलं, की दस्त्यावर ७.६२ पुन्हा जाळून घेऊ का, म्हणजे होती तशी दिसेल. मी विचारलं, “आणि मग पहिल्या माणसात आणि तुझ्यात फरक काय राहिला?” तो हसला नाही. त्याने विषय सोडला.

पुढची गोष्ट मी मागितली नव्हती. मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला एक वयस्कर काका येतात. घराणं अलिबागकडचं, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आईवडील १९५०च्या दशकात इस्राएलमधल्या लोदला गेले, ते स्वतः तिथे वाढले, आता मुलीकडे इथे असतात. त्यांचं मराठी माझ्या आजोळच्या मराठीसारखं आहे, जुनं आणि सावकाश. मुलाने त्यांना फोनवरचा ताऱ्याचा फोटो दाखवला आणि रायफलीचं वर्णन सुरू केलं: जर्मन माउझर, कार्बाइन ९८के...

काकांनी त्याला मधेच थांबवलं. “चेकी आहे ही.”

“तुम्हाला कसं कळलं ब्रनोची आहे?”

“ब्रनो-बिरनो मला काय ठाऊक. आम्ही हिला चेकीच म्हणायचो. राखीव दलात होतो तेव्हा सगळ्यांना चेकी मिळायची.” मग त्यांनी फोटोत दस्त्यावर बोट ठेवलं, बरोबर त्या बशीसारख्या जागी. “आकडा इथं असायचा. सार्जंट सांगायचा, आधी इथं बघ, मग गोळी माग. पुसला कुणी?”

आता ती रायफल मुलाच्या घरी काचेच्या कपाटात आहे. दस्ता तसाच आहे. खाली त्याने स्वतःच्या अक्षरात कार्ड लावलंय: ‘चेकी. ब्रनो. नळी ७.६२, इस्राएल. कड्यावरचं बीवायएफ ४४ आणि दस्त्यावरचा गरुड खोटे. दस्त्यावरचा आकडा ओल्या कापडाने दिसतो.’